मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि जंतुसंसर्गाची धास्ती : माझा अनुभव

माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ३ फेब्रुवारीला झालं. थेंब संपले, चष्म्याचा नवा नंबर मिळाला, डोळा छान आहे. आता डाव्याची तारीख ठरायची आहे, त्याआधी हे लिहून ठेवते. ऑपरेशन कसं होतं, लेन्स कोणती घ्यावी, यावर भरपूर बोललं जातं. पण डोळ्यात जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून डॉक्टर काय काय करतात, घरी आपण काय करायचं आणि मुख्य म्हणजे का करायचं, हे मला तुकड्यातुकड्यांनी, विचारून विचारूनच कळलं. मी डॉक्टर नाही. तुमच्या डॉक्टरांनी यातलं काही वेगळं सांगितलं, तर त्यांचंच ऐका.

पहिली तपासणी जानेवारीच्या सुरुवातीला झाली. बाहुली मोठी करणारे थेंब, तास-दीड तास बसणं, मग लेन्सचा नंबर काढायचं मोजमाप. त्यासोबत एक कागद मिळाला: रक्तातली साखर, रक्तदाब, ईसीजी आणि नेहमीच्या डॉक्टरांचं फिटनेस. साखर आटोक्यात नसेल तर संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणीही करायला सांगितली. दातात पू, त्वचेवर फोड, लघवीत जळजळ असं काही आहे का, हेही विचारलं. असलं तर ते आधी बरं करायचं. ऑपरेशन डोळ्याचं आणि चौकशी दातांची, याचं तेव्हा नवल वाटलं होतं. आता वाटत नाही.

त्याच दिवशी अश्रुनलिका तपासली. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक बारीक छिद्र असतं, त्यातून बोथट सुईने सलाइन सोडतात. घशात खारट चव आली की नळी मोकळी. ती बंद असेल आणि तिथे पू साचलेला असेल, तर ते जंतू सतत डोळ्यात उतरत राहतात, म्हणून आधी तिचा बंदोबस्त करतात. दुखत नाही, ठसका मात्र लागतो. माझी नळी मोकळी निघाली.

अडलं ते पापण्यांवर. यंत्रावर माझी हनुवटी टेकवून डॉक्टरांनी बराच वेळ पापण्यांच्या कडा पाहिल्या आणि म्हणाल्या, "कडांना सूज आहे, केसांच्या मुळाशी कोंडा आहे. हे साफ झाल्याशिवाय मी डोळा उघडणार नाही." याला ब्लेफरायटिस म्हणतात. सकाळी डोळे किंचित चिकटायचे, चुरचुरायचे, एवढंच मला जाणवत होतं. ऑपरेशन दोन आठवडे पुढे गेलं. मुलीने सुट्टी टाकली होती ती बदलावी लागली. विम्याची पूर्वपरवानगी जुन्या तारखेची होती, ती नव्याने मागवावी लागली. परवानगीच्या कागदावर मुदत लिहिलेली असते. तारीख पुढे गेली तर त्याच दिवशी विमा विभागाला कळवा, नाहीतर ऐन वेळी काउंटरवर खोळंबा होतो.

त्या दोन आठवड्यांनीच मला सगळा विषय समजावला. या संसर्गाचे जंतू ऑपरेशन थिएटरच्या हवेतून, अवजारांवरून किंवा कुणाच्या हातावरून येत असतील, असं आपल्याला वाटतं. तसं क्वचित होतंही, आणि एकाच दिवशी ऑपरेशन झालेल्या अनेकांना एकदम त्रास झाला, तर सगळ्यात आधी द्रव आणि अवजारंच तपासली जातात. पण सुट्या सुट्या रुग्णांमध्ये जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्याच पापण्यांवरचे, पापण्यांच्या केसांतले, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणावरचे असतात. एरवी ते तिथे निमूट राहतात, आपल्याला त्यांचा उपद्रव नसतो. डोळ्याच्या आत शिरले की मात्र तिथे त्यांना रोखणारं फारसं काही नसतं. एवढं डोक्यात बसलं आणि पुढची प्रत्येक सूचना मला आपोआप कळत गेली. कुठलंही पथ्य मग जाचक वाटलं नाही.

पापण्या साफ करायची पद्धत अशी: कोमट पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ कपडा मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं शेकायचा. मग पापणीच्या कडेवर बोटाने हलका दाब देत केसांच्या दिशेने मालिश. त्यानंतर डॉक्टरांनी दिलेल्या पापण्या पुसायच्या तयार पट्टीने कड पुसून घ्यायची. प्रत्येक डोळ्याला वेगळी पट्टी. सकाळ-संध्याकाळ करायचं. पहिल्या दिवसांत फरक दिसत नाही, पण मला आठवड्याभरात सकाळचा चिकटपणा गेल्याचं लक्षात आलं. तुम्हालाही डोळे चुरचुरणं, कडांना खाज, वारंवार रांजणवाडी असं काही होत असेल, तर पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगा. वेळ वाचतो.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी संमतीपत्र हातात आलं. त्यात संभाव्य धोक्यांमध्ये 'एन्डोफ्थाल्मायटिस' लिहिलं होतं आणि पुढे 'दृष्टी कायमची जाऊ शकते' असं. माझ्या पोटात गोळा आला. सही न करता मी कागद घेऊन पुन्हा आत गेले. डॉक्टरांनी न कंटाळता सांगितलं. एन्डोफ्थाल्मायटिस म्हणजे डोळ्याच्या आतल्या पोकळीत झालेला संसर्ग. आधुनिक पद्धतीत तो हजारात एखाद्याला, बऱ्याच ठिकाणी त्याहूनही कमी जणांना होतो. पण झाला तर तासातासाला महत्त्व असतं. "तुम्हाला घाबरवायला नाही, वेळेवर यायला म्हणून ते लिहिलंय," त्या म्हणाल्या.

मग मी ठरवून आणलेले प्रश्न विचारले. ऑपरेशनआधी डोळा कशाने धुणार? शेवटी डोळ्याच्या आत अँटिबायोटिक देणार का? रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा? तुम्हीही हे तीन प्रश्न विचारा. विचारण्यात भिडेचं काही नाही, चांगल्या डॉक्टरांना ते आवडतं.

पहिल्याचं उत्तर: पोव्हिडोन आयोडीन. तेच तपकिरी औषध, डोळ्यासाठी पाच टक्क्यांचं. डोळ्यात टाकून निदान तीन मिनिटं राहू देतात. संसर्ग टाळण्याच्या सगळ्या उपायांत याचा पाया सर्वांत पक्का आहे, १९९१ पासून त्याचे पुरावे आहेत. आयोडीनचा पूर्वी त्रास झाला असेल तर आधी सांगायचं, दुसरं औषध वापरता येतं. कुठल्याही अँटिबायोटिकची अ‍ॅलर्जी असेल तर तीही सांगायची, कारण दुसऱ्या प्रश्नाचा तिच्याशी संबंध आहे. युरोपातल्या डोळ्यांच्या सर्जनांच्या संघटनेने सुमारे सोळा हजार रुग्णांवर अभ्यास केला, तो २००७ मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाला. ऑपरेशनच्या शेवटी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सेफ्युरॉक्झिम हे अँटिबायोटिक सोडलेल्यांच्या तुलनेत न सोडलेल्यांमध्ये संसर्ग जवळपास पाचपट आढळला. फरक इतका होता की नवीन रुग्ण घेणं ठरल्या मुदतीआधीच थांबवलं. आता अनेक ठिकाणी त्याऐवजी मॉक्सिफ्लॉक्सासिन वापरतात. माझ्या डॉक्टर तेच देणार होत्या. मी सही केली.

३ फेब्रुवारी. सकाळी डोक्यावरून अंघोळ, चेहरा साबणाने धुतला, काजळ-पावडर-क्रीम काही नाही. पुढे बरेच दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नसतं, म्हणून केस आधीच धुऊन घ्यावेत. पोहोचल्यावर फाइल, ओळखपत्र, विम्याचे कागद, आणि मग उजव्या भुवईवर शाईची खूण. त्यानंतर जो येईल तो विचारायचा, "काकू, नाव सांगा. कुठला डोळा?" पाचव्यांदा विचारलं तरी न वैतागता सांगावं. बाहुली मोठी करणारे थेंब पुन्हा पुन्हा टाकत बसवून ठेवलं. प्रत्यक्ष ऑपरेशन थोडक्या वेळात झालं, खरी वाट पाहिली ती इथे.

टेबलावर आधी भुलीचे थेंब. मग सिस्टरने कपाळापासून गालापर्यंत आयोडीनने पुसून घेतलं आणि डोळ्यात ते तपकिरी थेंब टाकले. भूल असूनही क्षणभर चरचरलं आणि सगळं दिसणं पिवळट झालं. सिस्टर घड्याळ बघत उभ्या होत्या, मला त्या तीन मिनिटांचं फार बरं वाटलं. मग चेहऱ्यावर एक कागद आला, त्याला डोळ्यापाशी चिकट पारदर्शक पटल होतं. ते डोळा उघडा ठेवून लावतात आणि मधोमध कापून पापण्यांच्या कडांभोवती असं दुमडतात की एकही केस ऑपरेशनच्या जागेत येत नाही. ते दुमडताना पापणी ओढली जाते, ते स्पष्ट जाणवलं. एरवी मला त्याचा अर्थ कळला नसता. त्या दिवशी कळला: ज्या केसांच्या मुळांशी मी दोन आठवडे झटत होते, त्यांनाच बाहेर ठेवणं चाललं होतं.

पुढे प्रखर उजेड, थंड पाण्याची धार, यंत्राचा चढउतार होणारा आवाज. दुखलं नाही. कागदाखाली कोंडल्यासारखं होतं, पण तोंडाशी हवेची नळी ठेवलेली असते. खोकला येतोय असं वाटलं तर आधी बोलून सांगायचं, मान हलवायची नाही. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "औषध आत सोडलं, आता जखम बंद आहे का बघते." तीन मिलिमीटरपेक्षाही लहान छेद, त्याला टाका नाही. कडा सलाइनने किंचित फुगवतात, आणि डोळ्याच्या आतल्या दाबानेच तो मिटून राहतो. पाझरत नाही ना, हे पाहूनच टेबलावरून उठवतात.

टाका नसणं सोयीचं आहे, पण पहिल्या दिवसांची सगळी काळजी त्यामुळेच असते. सुरुवातीच्या तासांत डोळ्यातला दाब कमी-जास्त होतो. तेव्हा चोळलं, दाबलं, तर छेदाच्या कडा क्षणभर विलग होऊ शकतात आणि बाहेरचं पाणी, अश्रू आणि त्यातले जंतू आत ओढले जाऊ शकतात. म्हणून झोपताना डोळ्यावर प्लास्टिकची ढाल. झोपेत हात कुठे जाईल यावर आपला ताबा नसतो. मी ती आठवडाभर लावली, रोज साबणाने धुऊन पूर्ण वाळवून.

निघताना मिळालेलं डिस्चार्ज कार्ड नीट जपा. त्यावर लेन्सचं स्टिकर, थेंबांचं वेळापत्रक आणि रात्रीचा फोन नंबर असतो. माझ्या कार्डावर नंबर नव्हता, तो मागून लिहून घेतला. बिलाची प्रत आणि स्टिकरची प्रत विम्याला लागते, मूळ कागद देण्याआधी फोटो काढून ठेवा. खर्चाचा अंदाज घेताना लेन्सच्या किमतीवरच सगळं लक्ष जातं. थेंबांच्या बाटल्या, पापणीच्या पट्ट्या, नंतरच्या तपासण्या हे पॅकेजमध्ये आहे की वेगळं, ते आधी विचारा.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. रंग इतके उजळ दिसले की मी गप्पच बसले. तपासणीत सगळं ठीक होतं, आणि थेंब सुरू झाले.

थेंबांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण घरी आपल्या हातात असलेलं मुख्य काम हेच. मला तीन बाटल्या होत्या: अँटिबायोटिक आठवडाभर, स्टिरॉइड हळूहळू कमी करत महिनाभराहून जास्त, आणि सूज-वेदनेसाठी तिसरं. काही ठिकाणी डोळ्यात आतून औषध दिल्यावर अँटिबायोटिकचे थेंब देतही नाहीत, तेव्हा शेजारच्या बाईंचं वेळापत्रक आपल्याशी ताडून पाहू नये. स्टिरॉइड जंतू मारत नाही, सूज उतरवतं. बरं वाटलं म्हणून ते एकदम थांबवायचं नाही आणि मनाने वाढवायचंही नाही. बाटल्या दिसायला सारख्या होत्या, म्हणून मुलीने त्यांवर ठळक १, २, ३ लिहिलं आणि उघडल्याची तारीखही टाकली. उघडलेली बाटली साधारण महिन्यानंतर वापरत नाहीत.

आधी हात. नखं कापलेली, साबणाने मनगटापर्यंत धुतलेले, स्वच्छ कपड्याला पुसलेले. हे ज्याच्या हातून थेंब पडणार त्याने करायचं. माझ्या बाबतीत तो नवरा होता. मी आडवी पडायचे, वर छताकडे बघायचे. तो खालची पापणी गालाच्या बाजूने खाली ओढायचा, म्हणजे एक छोटा खिसा होतो. बाटलीचं टोक वरून, कशालाही न लावता, एकच थेंब त्या खिशात. टोक पापणीला लागलं तर पापणीवरचे जंतू बाटलीत जातात आणि पुढे प्रत्येक थेंबासोबत परत डोळ्यात येतात. थेंब पडला की डोळा अलगद मिटायचा, घट्ट आवळायचा नाही, आणि नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं हलका दाबून धरायचा, नाहीतर औषध नळीवाटे घशात उतरतं. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं. हलवून वापरायचं औषध असेल तर बाटली आधी हलवायची. थेंब गालावर पडला तर दुसरा टाकला तरी चालतो. गालावर ओघळलेलं स्वच्छ टिश्यूने टिपायचं, आणि डोळ्याची कड पुसायची झाली तर नाकाकडून बाहेरच्या बाजूला एकदाच पुसून तो टिश्यू टाकून द्यायचा.

बाकीचं पटकन सांगते. तोंड ओल्या कपड्याने पुसणं, डोळ्यात नळाचं पाणी नाही. केस धुताना मान मागे टाकून दुसऱ्या कुणी धुवायचे. माती, झाडलोट, कुंड्या, पाळीव प्राण्यांचं अंग घासणं काही आठवडे दुसऱ्यांकडे. पोहणं महिनाभर बंद. रुमाल, टॉवेल, उशीचा अभ्रा स्वतंत्र आणि धुतलेला. घरात कुणाचे डोळे आले असतील तर त्यांच्यापासून लांब. वाचायला, टीव्ही बघायला कसलीच हरकत नाही, त्याने संसर्ग होत नाही.

डॉक्टरांनी एक रोजचं काम दिलं होतं, ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. रोज सकाळी त्याच उजेडात, त्याच जागी बसून, दुसरा डोळा हाताच्या तळव्याने न दाबता झाकायचा आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचं. कालच्याइतकं किंवा कालच्यापेक्षा बरं दिसायला हवं. खूण बिघडण्याची बघायची. हा संसर्ग बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात, दुसऱ्या दिवसापासून सातव्या दिवसापर्यंत उद्भवतो. लक्षणं म्हणजे दिसणं धूसर होणं, लाली वाढणं, दुखणं, पापणी सुजणं, पू येणं, उजेड न सोसणं, डोळ्यासमोर नवे ठिपके तरंगणं. यात एक मेख आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या, अशा ४२० रुग्णांच्या अभ्यासात नजर धूसर झालेले ९४ टक्के होते, पण दुखणं असलेले तीन-चतुर्थांशच. म्हणजे चारातल्या एकाचा डोळा दुखतच नव्हता. 'दुखत नाही ना, मग उद्या बघू' हे इथे चालत नाही.

मला हे कामी आलं. आठवड्याच्या शेवटी एका संध्याकाळी डोळा खुपायला लागला, कोपरा लाल दिसला, आणि कॅलेंडरवरची बारीक अक्षरं सकाळसारखी लागेनात. रात्रीचे नऊ वाजले होते. मी फोन केला. सिस्टरने शांतपणे विचारलं: कालपेक्षा कमी दिसतंय का, दुखतंय किती, पू आहे का, पापणी सुजली का. आणि म्हणाल्या, "काकू, लगेच या. सकाळची वाट बघू नका." रस्ताभर मी कुणाशी बोलले नाही. डॉक्टरांनी नजर तपासली, दाब मोजला, यंत्रातून खूप वेळ पाहिलं. आत सूज दाखवणाऱ्या पेशी, पू काही नाही, जखम बंद, डोळ्याचा पृष्ठभाग कोरडा पडलेला. ऑपरेशननंतर हे सर्रास होतं. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिले. मी उगाच त्रास दिला असं काहीतरी पुटपुटले, तर त्या म्हणाल्या, "असे दहा जण उगाच आलेले मला चालतात. एक जण उशिरा आलेला चालत नाही."

खरोखर संसर्ग असता तर काय केलं असतं, तेही मी विचारलं. डोळ्यातल्या द्रवाचा नमुना घेऊन तपासणीला पाठवतात आणि अहवालाची वाट न पाहता लगेच डोळ्याच्या आत अँटिबायोटिकची इंजेक्शनं देतात. नजर फारच खालावलेली असेल तर आतला जेलसारखा द्रव काढून टाकायचं ऑपरेशन. उपाय आहे, पण तो लवकर पोहोचणाऱ्याला लाभतो. संथ जंतूंमुळे काही आठवड्यांनी, महिन्यांनी उद्भवणारा संसर्गही असतो, तेव्हा पहिला आठवडा पार पडला म्हणून ती लक्षणं विसरायची नाहीत.

मार्चच्या मध्यात स्टिरॉइडचा शेवटचा थेंब पडला आणि चष्म्याचा नंबर काढला. उरलेल्या बाटल्या त्याच दिवशी टाकून दिल्या. डाव्या डोळ्याला त्या वापरायच्या नाहीत, प्रत्येक ऑपरेशनला नव्या बाटल्या. डाव्याची तारीख उजव्याच्या सोबत न घेता मुद्दाम वेगळी ठेवली आहे, एका डोळ्याला काही झालंच तर दुसरा सुरक्षित राहावा म्हणून. डॉक्टर म्हणाल्या आहेत, पापण्या पुसणं आत्तापासून सुरू करा, म्हणजे या वेळी तारीख पुढे जाणार नाही.